कोट फाटला आहे

फुलवंता आत्याबाईचं नाव मी आधी लिहून ठेवतो. माझ्या हातून पुढं जे काही लिहिलं-वाचलं गेलं, कचेरीत तीस-बत्तीस वर्षं जे कागद मी तपासले, ते सगळं तिच्या खात्यावर जमा आहे. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. सहीच्या जागी ती अंगठा लावायची आणि मग तो अंगठा पदराला इतका वेळ पुसत बसायची, की शाई जाऊन कातडी लाल व्हायची. ती माझ्या बाबांची धाकटी बहीण. पवनीला दिली होती. तिला मूल नव्हतं. तिच्या माघारी तिच्या पत्र्याच्या पेटीतून तीन वस्तू माझ्याकडं आल्या : एक काळा कोट, एक डाग पडलेलं पोस्टकार्ड आणि मीच तिला लिहिलेलं एक पत्र. या प्रकरणात त्या तिन्ही येतील.

आमचं घर आंधळगावला. बाबा शिंपीकाम करत. आमच्या समाजात हे काम नवीनच होतं. बाबांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांदीत धान कापलं, बाबांनी मात्र भंडाऱ्याला एका कारागिराच्या हाताखाली राहून मशीन शिकून घेतली. गावात कोशाच्या रेशमाचे माग होते, त्यामुळे सकाळी जाग येई ती मागाच्या खटखटीनं आणि त्यात थोड्या वेळानं आमच्या मशीनची घरघर मिसळे. आई लाखोळीचं वरण चुलीवर ठेवून बाबांच्या शेजारी काजं करायला बसायची. एकीकडं वरण उतू जायचं, दुसरीकडं बाबा ओरडायचे, "वो, वरण पाय वो," आणि आई म्हणायची, "तुमच्याच सदऱ्याचं काज हाये हातात, सोडू का?" ताटात वरण, भात आणि जवसाची चटणी. मला आजही जवसाच्या वासाबरोबर मशीनच्या तेलाचा वास येतो.

घरात वाचता येणारा मी एकटाच होतो. बाबांना आकडे आणि मापं लिहिता येत होती. छाती, कंबर, बाही एवढे शब्द ते चित्रासारखे ओळखत, त्यापुढं नाही. मी सहावीत आलो, वर्गात पहिला आलो, तसं आमच्या ओळीतल्या सगळ्यांची पत्रं माझ्याकडं येऊ लागली. मी ओट्यावर उभा राहून वाचायचो. म्हाताऱ्या बाया पदर नीट करून ऐकायच्या. एखादा शब्द अडला तर मी थांबत नसे. थांबलं की लोक एकमेकांकडं पाहतात, हे मला कळलं होतं. मी अंदाजानं पुढचा शब्द बसवून द्यायचो आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा. ही माझी सवय कुणालाच माहीत नव्हती. बाबा गिऱ्हाइकाला सांगत, "माह्या पोट्टा वाचते तं पाणी वाहते."

त्या वर्षी हस्ताचा पाऊस थांबतच नव्हता. धान लोंबीवर आलं होतं आणि बांद्या भरून वाहत होत्या. बाबांना मात्र पावसाकडं पाहायला वेळ नव्हता. दसऱ्याला आमचे लोक नागपूरला जातात, पांढरे कपडे घालून, आणि आसपासच्या चार गावांचं पांढरं कापड आमच्या घरात आलं होतं. खाटेवर, दांडीवर, धान्याच्या कोठीवर सगळीकडं पांढरं. आई आम्हाला हात धुतल्याशिवाय घरात फिरू देत नसे. अशा दिवसांत दुपारी पोस्टमन आला आणि त्यानं आत्याबाईचं कार्ड दिलं. कार्ड भिजलेलं होतं. निळ्या शाईचं अक्षर मोठं आणि वळणदार होतं. ते आत्याबाईच्या शेजारी राहणाऱ्या दशरथकाकांचं असतं, हे मला ठाऊक होतं. तिची सगळी पत्रं तेच लिहीत.

मजकूर तीन ओळींचा होता. पहिल्या शब्दावर पाण्याचा थेंब पडून शाई फुटली होती. आधी 'घरा', मग दोन अक्षरांएवढा निळा डाग, मग 'चा'. मी क्षणभर अडलो. बाबांनी मशीनचं चाक हातानं थांबवून माझ्याकडं पाहिलं. सदरा न्यायला आलेले दोघं जण बसले होते, त्यांनीही पाहिलं. आणि मी वाचलं, "घरचा कोट फाटला आहे. हे ऐकत नाहीत. दादाले लवकर पाठवा."

बाबा आधी हसले. मग त्यांना थोडं लागलंही. आत्याबाईच्या लग्नात जावयाला द्यायचा काळा कोट त्यांनी स्वतः शिवला होता. तो त्यांनी शिवलेला पहिला कोट. आत्याबाईचे यजमान, आमचे फुफाजी, धानाच्या गिरणीत हमाली करायचे आणि तरीही सणावाराला, भर उन्हातसुद्धा, तो कोट घालून फिरायचे. आंधळगावला आले की आई म्हणायची, "जावईबापू, उकडत नाही का जी?" ते म्हणायचे, "उकडते वहिनी, पण मंग कोणाले कसं समजन का माह्या साळा टेलर हाये?"

"घरचा कोट म्हणते पाय," बाबा आईला म्हणाले. "म्हणजे आपल्या घरचा. माह्यी शिलाई फाटाची नाही. कापड गेलं असन. अना हे ऐकत नाहीत म्हणते, म्हणजे जावईबापू अडून बसले असतीन, दसऱ्याले कोटच पाहिजे म्हणून."

"मंग जा ना एक दिवस," आई म्हणाली.

"एवढं पांढरं टाकून? कोटासाठी?" बाबांनी मला उत्तर लिहायला बसवलं. मी बाबांच्या तोंडचं लिहिलं : कोट बसच्या कंडक्टरजवळ पाठवून द्या, दसरा झाला की शिवून देतो, जावईबापूंना म्हणावं तोवर थंडी नाही. शेवटच्या वाक्यावर दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. तरी ते कार्ड मी इतर पत्रांसारखं तारेत खोचलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात ठेवलं. का ठेवलं, हे मला तेव्हाही थोडंसं कळत होतं.

सहा दिवसांनी सकाळच्या बसच्या कंडक्टरनं निरोप आणला. त्यानं गाडीतून उतरून, टोपी काढून सांगितलं, पवनीचे जावई गेले. भिंत पडली अंगावर. बाबांनी मशीनवरचं कापड तसंच सोडलं. मग परत आत जाऊन त्या पांढऱ्या ढिगातून स्वतःच्या सदऱ्यासाठी ठेवलेलं कापड काढलं, घडी घालून पिशवीत टाकलं. मला वाटलं, तिकडं घालायला नेत असतील. आई मात्र ते पाहून रडायला लागली. मी इतिहासाच्या पुस्तकातून कार्ड काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. भिंत हा शब्द ऐकल्यापासून मला एक भीती वाटत होती, पण तिला अजून नाव नव्हतं.

आई-बाबांबरोबर पवनीला मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. भंडाऱ्याला गाडी बदलली. अड्याळ सोडल्यावर पाऊस पुन्हा सुरू झाला आणि काचेबाहेर काही दिसेना. पुस्तकातले किल्ले डोंगरावर असायचे. त्यांना तट असायचा, बुरूज असायचे, वर झेंडा असायचा. पवनीला उतरलो तर इथं डोंगर कुठंच नव्हता. सपाट धानाच्या बांद्या आणि त्यांतूनच अचानक उभी राहिलेली काळी, लांबच लांब, झुडपांनी झाकलेली दगडी रांग. तिच्या पायाशी खंदक होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला, आणि त्यावर शिंगाड्याचे हिरवे वेल तरंगत होते. एक माणूस डोंगीत वाकून, काहीच झालं नसल्यासारखा वेल सरळ करत होता. आम्ही मोठ्या दरवाजातून आत गेलो. इतका उंच दगडी दरवाजा मी कधी पाहिला नव्हता. त्याच्या आत उभं राहिल्यावर पावसाचा आवाज एकदम बंद झाला. बाबांनी रस्ता विचारला. पानाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "कोट पडला ते घर ना जी? सरळ जा कोटाकोटानं."

बाबा चालू लागले. त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मला ऐकू गेलं. पवनीचे लोक त्या तटाला कोट म्हणत. लहान लेकरंसुद्धा कोटावर खेळायला जातो म्हणायची. आत्याबाई आधी नदीकडच्या अंगाला राहायची. दोनच वर्षांपूर्वी फुफाजींनी कोटाला टेकून खोली बांधली होती आणि ती आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती.

खोलीच्या तीन भिंती उभ्या होत्या. चौथीच्या जागी दगड, चिखल आणि त्यातून उपटून आलेली झुडपं, आणि त्यांच्यामागं उघडं आभाळ. आत्याबाई समोरच्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोक्यावर खुंटीला काळा कोट टांगलेला होता. बाबा तिच्याजवळ गेले नाहीत, आधी त्या कोटाजवळ गेले. बाह्या पाहिल्या, काखेतली शिवण बोटांनी चाचपली, अस्तर उलटं करून पाहिलं.

"कोट तं कुठंच फाटला नाही, फुलवंता."

आत्याबाईनं मान वर केली. "तो नाही, दादा," ती म्हणाली आणि हातानं मागं दाखवलं. "तो."

बाबा वळून त्या ढिगाकडं पाहत राहिले. आत्याबाई सपाट आवाजात सांगत होती, जशी काही दुसऱ्याच्या घरची गोष्ट आहे. कोटाच्या पोटात नुसती माती. माती पाणी प्यायली अन् दगड फुगले. वरपासून खालपर्यंत भेग गेली, हात जाईल एवढी. ती रोज म्हणायची, दरवाजाजवळच्या शाळेत जाऊन राहू. ते म्हणायचे, "तीन भिती माह्या, चवथी राजाची. राजाची कशी पडन?" ते फक्त दादाचं ऐकत, म्हणून तिनं चिठ्ठी लिहवून घेतली. "तुह्यी चिठ्ठी परवा सकाळी भेटली. दशरथभाऊनं वाचली. कोट बसमंधी पाठवून द्या म्हणे. ते किती हसले, दादा. म्हणे, एवढा मोठा किल्ला, कंडक्टर तिकीट कोणतं फाडन? साळ्याले भेव वाटत नाही तं मले कायचं वाटते, म्हणे. त्याच दुपारी मी पाण्याले गेल्ती."

मी अंगणात उभा होतो. पाऊस अंगावर पडत होता आणि खिशातलं कार्ड पुन्हा भिजेल म्हणून मी त्यावर हात ठेवला होता.

फुफाजींना बाबांच्या सदऱ्याच्या कापडात नेलं. परतल्यावर लोक बसले होते, तेव्हा दशरथकाका पाण्याचा तांब्या घेऊन आले. मघाशी खंदकात डोंगी घेऊन वेल सरळ करत होते, ते हेच. पंधरा दिवसांच्या पावसात त्यांचे निम्मे शिंगाडे कुजले होते, आणि तरी आदल्या दिवसभर ते इथं दगड उचलत होते. बाबांनी तांब्या घेतला नाही.

"भिंत म्हणून लिवलं असतं तं काय झालं असतं?" बाबा म्हणाले.

"इथं भिंत कोणी म्हणत नाही जी. घरामागचा कोट, असं लिवलं होतं मी. घरामागचा."

"घरचा होतं. माह्या पोरानं वाचलं. सहावीत पहिला हाये तो. चवथी शिकलेल्याचं लिवणं त्याले समजणार नाही का?"

दशरथकाकांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. कोणीतरी म्हणालं, "एक शब्द अर्धा लिवला अना माणूस गेला, पाय बाप्पा." बाबा म्हणाले, "आजपासून तुमच्या हातचं पाणी मी पेणार नाही." दशरथकाकांनी तांब्या दारात ठेवला आणि ते गेले. तो तांब्या तिथंच राहिला, पावसाच्या पाण्यानं भरून सांडायला लागला, तरी कुणी उचलला नाही.

मला लोक विचारतात, की मी आयुष्यात कधी मोठी चूक केली का. निवृत्तीच्या समारंभात एका तरुण सहकाऱ्यानं माझं कौतुक करताना सांगितलं, की साहेब प्रत्येक कागद दोनदा वाचतात, मोठ्यानं वाचतात, आणि पुसट अक्षर असलं तर माणसाला बोलावून विचारतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडं पाहत होतो आणि मला तो तांब्या दिसत होता.

बाबा पाचव्या दिवशी आंधळगावला परत गेले. मी आणि आई थांबलो. आत्याबाईला शेजाऱ्यांनी एक रिकामी खोली दिली होती. ती सकाळीच बिड्या वळायला बसली, कारण पानं भिजवून ठेवली की थांबता येत नाही. कात्रीनं पानाचे तुकडे पडत होते. मी तिच्यासमोर बसलो, कार्ड काढून ठेवलं आणि सांगितलं. डाग मी पाहिला होता. त्याखाली अजून अक्षरं आहेत हे मला कळलं होतं. लोक पाहत होते म्हणून मी थांबलो नाही.

कात्री थांबली. आत्याबाईनं कार्ड हातात घेतलं. उलटं धरलं होतं, मी सरळ करून दिलं.

"कोणता तो?"

मी बोट ठेवलं. तिनं त्या निळ्या डागावर स्वतःचं बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवलं.

"वाच."

"घरामागचा," मी म्हणालो.

"इतकाच?" ती म्हणाली. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. मग ती म्हणाली, "दशरथभाऊले बलाव."

दशरथकाका आले, दारातच उभे राहिले. तिनं मला पुन्हा वाचायला लावलं, त्यांच्यासमोर, दोनदा. ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. शेवटी त्यांनी डोळे पुसले. "बस," ते म्हणाले, "लिवलं होतं ना मी? मलेच शंका येऊन राहिली होती, का राहून गेलं म्हणून. आता झोप लागन."

"तुमच्या दादाले सांगा लागते," आई म्हणाली. ती मागं येऊन उभी होती, हे मला माहीत नव्हतं.

"आता सांगसान तं उद्या हा शाळेतून निघन," आत्याबाई म्हणाली. "दादाले मी वळखतो. तो पोराले काही म्हणणार नाही, मशीनवर बसवून देईन. पुस्तक पुन्हा घरात येऊ देणार नाही."

दशरथकाका म्हणाले, "राहू द्या, बाई. दोन-चार वर्षं लोक मले म्हणतीन. मी खंदकात असतो, मले कुठं आयकू येते."

आत्याबाईनं माझी हनुवटी धरली, जोरानं, दुखेल इतकी. "अर्धं वाचणारा माणूस मारते," ती म्हणाली. "तू पुरं शिक. इथंच राहा माह्याजवळ. जेवढं शिकवतेत तेवढं सगळं शिक, अना मंग तूच आपल्या बापाले सांग. तोपर्यंत हे दशरथभाऊ तुह्यं ओझं वाहून राहिले, हे ध्यानात ठेव."

असा मी पवनीचा झालो. बाबांना वाटलं, विधवा बहिणीला सोबत म्हणून मी राहतो आहे. ते खूश होते. सातवीपासून बारावीपर्यंत मी आत्याबाईच्या खोलीत वाढलो. ती बिड्या वळायची आणि मी मोठ्यानं वाचायचो. धडा, वर्तमानपत्राचा तुकडा, बिडीच्या बंडलावरचा कागद, काहीही. प्रत्येक गोष्ट दोनदा. मी अडलो की तिची कात्री थांबायची. "अडला का?" ती विचारायची. "अडला," मी म्हणायचो. मग ती मला गुरुजींकडं पिटाळायची, भर उन्हात, एका शब्दासाठी. तिनं मला कधी माफ केलं असं म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. पण शिंगाड्याच्या दिवसांत दशरथकाका उकडलेले शिंगाडे पानात बांधून द्यायचे आणि ती सोलून आधी माझ्यापुढं ठेवायची.

दशरथकाकांना गावात एक नाव पडलं होतं, अर्धशब्द्या. पोरं कोटावरून हाका मारायची. त्यांच्याकडून कुणी पत्र लिहवून घेईना. मी नववीत गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं आणि प्रत्येक पत्र लिहिताना मला घाम फुटायचा. बाबा वर्षातून दोनदा यायचे. दशरथकाका समोरून आले, की तोंड फिरवायचे. नऊ वर्षं ते असं तोंड फिरवत राहिले आणि मी पाहत राहिलो. दर वर्षी मला वाटे, आता सांगावं. दर वर्षी आत्याबाई माझ्याकडं नुसतं पाहायची, म्हणजे अजून नाही. दोन-चार वर्षं म्हणून उचललेलं ओझं त्या माणसानं किती वाहिलं, याचा मी आजही हिशेब करू शकत नाही.

भंडाऱ्याच्या कॉलेजातून मी बी. ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. मी आधी आंधळगावला गेलो. त्यानंतर पवनीला जे पत्र पाठवलं, ते पेटीतून माझ्याकडं परत आलं आहे. घडीवर विरलं आहे, पण अक्षर शाबूत आहे. कॉलेजात शिकलेली भाषा मी त्यात वापरली नाही. तिला वाचून दाखवणाऱ्यानं मध्ये अर्थ सांगत बसावं, असं मला नको होतं. ते इथं जसंच्या तसं उतरवतो.

आत्याबाईले मिलिंदचा जयभीम.

ही चिठ्ठी दशरथकाकालेच वाचाले देजो. दुसऱ्या कोणाले देऊ नको. काका, तुम्ही दोनदा वाचा, मोठ्यानं वाचा, अना दारात उभं राहून वाचा. कोणी आयकलं तं आयकू द्या.

मी पास झालो. पुरं शिकलो. काल बाबाले सांगतलं. मशीनवर बसले होते. मी त्याहिले सांगतलं का त्या कार्डात घरामागचा कोट लिवलं होतं, दशरथकाकानं बरोबर लिवलं होतं, डाग मी पाह्यला होता अना मी चूक वाचलं. अना नऊ वर्षं सांगतलं नाही.

बाबानं माह्यावर हात उचलला नाही. मशीनचं चाक हातानं धरून बसून राहिले. आईनं जेवाले बलावलं तं उठले नाही. मंग म्हणे, ते कार्ड कुठं आहे. मी म्हटलं, आत्याबाईजवळ आहे. मंग म्हणे, दशरथभाऊ अजून तिथंच राहतेत का. मी म्हटलं, हो. मंग म्हणे, माह्यासाठी त्याहिनं पाणी आणलं होतं.

बाबा रविवारच्या पहिल्या बसनं येऊन राहिले. एकटेच येतीन. मले येऊ नको म्हणे. आत्याबाई, त्याहिले पहिले आपल्या घरी नेऊ नको. दशरथकाकाच्या घरी ने. काका, तुम्ही तांब्या भरून ठेवजा. दुसरं काही करू नका.

आत्याबाई, तुह्या त्या कार्डात लिवलं होतं, दादाले लवकर पाठवा. पाठवून राहिलो. उशीर झाला.

तुझा
मिलिंद